चार स्वभाव आणि जिनिंगचा भोंगा

१

हे तुम्हाला पटणार नाही. पटलं नाही म्हणून मी सांगायचं थांबणारही नाही, तेव्हा मुकाट्याने मिरचीचे देठ खुडत ऐका.

एकतीस सालची गोष्ट. नंदुरबारला स्टेशनाजवळच्या आमच्या कापसाच्या जिनिंगचा भोंगा चोरीला गेला. पितळेचा, हातभर उंच, माझ्या मांडीएवढा जाड. भर दिवसा, दीडशे माणसांच्या डोक्यावरून. हा भोंगा वाजला की तापीपलीकडच्या म्हशी पान्हा सोडायच्या, आणि प्रकाशा गावच्या घाटावर बुडी मारलेला माणूस पाण्यातच विचार करायचा की कामाला उशीर झाला. असा भोंगा! तो नेणारा चोर मी एका दिवसात शोधला. फौजदार नाही, शिपाई नाही. मी, चुडामण मिस्तरी.

आता ही मिरची वाळवायच्या पथारीवरची मंडळी हसायला लागली. समोर जामसिंग हसतोय. माझी बायको गजराबाई माझ्याकडे पाठ करून खुडायला बसली आहे. माझ्या गोष्टी ती पाठीनेच ऐकते.

तर जिनिंगमध्ये माझा एक नियम होता. बाकीचे मुकादम माणसाचे दंड बघून काम द्यायचे, मी स्वभाव बघून द्यायचो. दोधू आळशी. त्याला गाठी उचलायला लावलं होतं, तर तो गाठीवरच झोपायचा. मी त्याला तेलवाला केलं. आळशी माणूस तेल कधी चुकवत नाही, कारण तेल चुकलं की यंत्र तापतं, आणि यंत्र तापलं की ते खोलायची मेहनत पडते. धुडकू संशयी. आपल्या सावलीलाही 'कोन शे?' विचारणारा. त्याला फाटकावर बसवलं. सुंदरबाई भांडखोर. तिला कापसाच्या गाड्या तपासायला उभी केली. ओला कापूस आणणारे गाडीवान तिला पाहून लांबूनच बैल वळवायचे. आणि दलसिंग, तोरणमाळकडून उतरलेला पावरा आदिवासी, एवढा भित्रा की झाकण पडलं तरी उडायचा. त्याला मी बॉयलरवर आगवाला नेमलं.

शेठ म्हणाले, "मिस्तरी, भित्रा माणूस बॉयलरवर?"

मी म्हणालो, "शेठ, धाडसी माणूस वाफेच्या काट्याकडे बघत नाही. हा वाघाकडे बघावं तसा दिवसभर बघेल."

आणि बघायचा! दोन वर्षांत काटा एकदाही लाल रेघेला शिवला नाही. चौघं मिळून अशी टोळी झाली की पूर्वी दोन हंगामांत निघायची ती रुई एकात निघायला लागली.

माणसांचंच कशाला, जनावरांचे स्वभावही मला कळतात. आमच्या तांबू गायीला कपडे खायची खोड आहे, हे मीच ओळखलं, आणि त्याच साली तिला खापर गावच्या बाजारात विकून आलो. गजराबाई अजून तिच्या नावाने बोटं मोडते.

हां, तर भोंगा. आठवडी बाजाराच्या दिवशी बॉयलर थंड करून धुवायचा, दुसऱ्या दिवशी पहाटे पेटवायचा, अशी रीत. त्या पहाटे दलसिंगने वाफ केली, मुनिमाने खिडकीतून हात केला, दलसिंगने भोंग्याची साखळी ओढली, आणि आख्खी साखळी त्याच्या डोक्यावर येऊन पडली.

वर भोंगा नव्हताच.

२

भोंगा नाही म्हणजे कामाला माणूस नाही. घड्याळ होतं कोणाकडे? वस्तीला भोंगाच सूर्य, भोंगाच चंद्र. त्या दिवशी बाया ऊन अंगावर आल्यावर हसत हसत आल्या. म्हातारी नानीबाई तर म्हणाली, "महिनाभरम्हा आजच डोळाभर झोप लागनी व्हती, माय!"

शेठ मात्र पांढरे पडले. ऐन हंगाम. पोलिसात जावं तर फौजदार पंचनाम्यात चार दिवस घालवणार.

"बॉयलर कोणाच्या ताब्यात? दलसिंगच्या," शेठ म्हणाले. "काल दुपारी तो जागेवर नव्हता, हे हिलाल मुनिमाने पाहिलंय. उद्या दुपारपर्यंत भोंगा मिळाला तर ठीक. नाही तर त्याने खोली सोडायची."

खोली म्हणजे जिनिंगच्या मागची पत्र्याची. तिथे दलसिंगची बायको गुलाबबाई वीस दिवसांची बाळंतीण होती. खोली गेली तर तान्हं पोर पाठीला बांधून सुरतेकडे शेतमजुरीला निघायचं, दुसरं काही नाही. ती दारात उभी होती. माझ्याकडे बघत राहिली.

"शेठ," मी म्हणालो, "माणसं मी लावली आहेत. चोरही मीच काढतो."

मुनीम हिलाल नाकातून हसला. हा हिलाल मोठा इमानी. इतका इमानी, की शेठला शिंक आली तर हा नाक पुसायचा.

मी इंजिनघराच्या पत्र्यावर चढलो. शिडी भिंतीला लावलेलीच होती. आणि वर काय दिसलं ते ऐका.

भोंग्याची बैठक चार नटांनी पाइपावर आवळलेली असायची. चोराने नट काढले होते, भोंगा उचलला होता, आणि चारही नट परत आपापल्या जागी बसवून ठेवले होते. प्रत्येकाखाली त्याचं त्याचं वायसर. पाइपाच्या तोंडात लाकडाची खुंटी, तिला सुतळी गुंडाळलेली, वर सफेदा चोपडलेला. म्हणजे वाफ वाया जाऊ नये, काम अडू नये, याची काळजी घेऊन चोरी झाली होती.

असा व्यवस्थित चोर नंदुरबारात कोण?

३

सगळ्यात आधी दोधू. तो तेलाचा डबा उशाला घेऊन पडला होता.

"दोधू, शिडी भिंतीला का?"

"चार दिनपाशी तठेच शे, मिस्तरी. परत नेवानी म्हंजे परत आनानी बी."

"काल कोणी काढ म्हणालं नाही?"

"मीच काढी ऱ्हायंतू. 'ऱ्हाऊ दे' असं कोनी तरी सांगं."

"कोणी?"

दोधूने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग मोठी जांभई दिली. "इसरी गऊ."

मी खिशातल्या वहीत लिहून घेतलं आणि पान उलटलं.

मग धुडकू. काल दुपारभर त्याची नजर फाटकाबाहेरच होती. प्रत्येक गाडीत काठी खुपसून त्याने पाहिलं होतं. शेठचा टांगासुद्धा सोडला नाही. शेठना खाली उतरवून गादी झटकली होती.

"एवढी झडती कशासाठी, धुडकू?"

"कोनी तरी कानम्हा सांगं, आज गाड्यास्म्हातून रुई बाहेर जानार शे."

"कोण होतं ते?"

धुडकूने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. "मिस्तरी, माले सोतावर भरोसा नही. पन त्या मानूसवर शे. नाव सांगाव नही."

धुडकूचा कोणावर भरोसा! मी पुन्हा पान उलटलं.

सुंदरबाई गाड्यांपाशी होती. मी दिसताच कमरेवर हात.

"काय दखी ऱ्हायना मिस्तरी? भोंगा काय मी ओटीम्हा लपाडेल शे का?"

"काल दुपारी तू भांडत होतीस."

"भांडू नही तर काय ववाळू? उखा गाडीवानना कापूसम्हातून पानी निथळी ऱ्हायनं व्हतं! मी त्याले इतली सांगं, इतली सांगं, का मुनीम धोतर धरी पळत उना."

"जिनिंगमधले सगळेच बघायला आले होते म्हणे."

"मंग? फुकटना तमाशा!"

"पण सुंदरबाई, उखाची गाडी तर रांगेत शेवटची होती. ती तुझ्यापुढे कोणी आणली?"

सुंदरबाईने तोंड उघडलं. आणि मिटलं. लोकहो, मी तुम्हाला म्हशींचं सांगितलं ते सोडून द्या हवं तर, पण सुंदरबाई गप्प बसली हे मात्र मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

मी सरकीच्या ढिगावर बसून विचार केला. दोधूने चोरी केली असती तर नट परत लावले नसते, आहेत तिथे टाकून झोपला असता. सुंदरबाईने केली असती तर संध्याकाळपर्यंत भर बाजारात सांगून मोकळी झाली असती. धुडकूने केली असती तर स्वतःच स्वतःला पकडून शेठपुढे उभं केलं असतं. एकट्यादुकट्याचं हे काम नव्हतंच. आळशाने शिडी ठेवली, संशयी फाटकाबाहेर बघत राहिला, भांडखोरीने सगळं जिनिंग अंगणात गोळा केलं. तेवढ्या वेळात कोणीतरी निवांत पत्र्यावर बसून नट काढत होतं.

राहिला दलसिंग. आणि त्याला शेठनी आधीच गादीवर बोलावून घेतलं होतं.

४

मी धावत गेलो. शेठ गादीवर, बाजूला हिलाल मुनीम, वर भिंतीवर कचेरीचं घड्याळ. दलसिंग दारात उभा, आणि त्याचे हात नेहमीसारखे थरथरत होते.

"काल दुपारी जागेवर का नव्हतास?" मुनिमाने विचारलं.

"राख काढत होतो, बापू. वर पत्र्यावर ठोक ठोक वाजलं. भीती वाटली. बाहेर पळालो."

"पळालास तेव्हा वर पाहिलंस?"

"पाह्यलं."

"काय दिसलं?"

"पाय दिसले. शिडीवरून उतरणारे."

मुनीम पुढे सरकला. शेठनी पानाचा डबा बंद केला. माझ्या कानात आमच्या बॉयलरसारखा आवाज सुरू झाला.

"कोणाचे पाय? नीट सांग. सांगितलंस तर खोली तुझी, नोकरी तुझी. नाही सांगितलंस तर आत्ताच बोचकं बांध."

दलसिंगने शेठकडे पाहिलं. मग माझ्याकडे. आणि एक चमत्कार झाला. त्याचे हात थरथरायचे थांबले. दोन वर्षांत मी ते हात स्थिर पाहिले नव्हते.

"माकडाचे," तो म्हणाला.

मुनीम ओरडला, "खोटं बोलतो!" दलसिंग हललाही नाही. "माकडाचे पाय. काळे. मी पाह्यले."

माझ्या खिशात तीच वही होती. त्यात प्रत्येकापुढे त्याचा स्वभाव लिहिलेला. दलसिंगपुढे मी 'भित्रा' लिहिलं होतं. मी तिथेच वही काढली आणि तो शब्द खोडला. माकड समोरून उतरताना पाहणारा माणूस भित्रा कसा? एवढंच कारण. दुसरं काही नाही.

"शेठ," मी म्हणालो, "दलसिंग खोटं बोलणारा माणूस नाही. चोर वांदर आहे. उद्या सकाळी मी भोंगा तुमच्यासमोर काढतो."

शेठ म्हणाले, "आणि वांदराचं माझ्या भोंग्याशी काय वैर?"

मी उत्तर शोधायला वर पाहिलं, आणि मला घड्याळाचा काटा दिसला.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेठना जिनिंगमागच्या चिंचेखाली उभं केलं. स्टेशनमास्तरांनाही चहाच्या निमित्ताने बोलावून घेतलं होतं. मागे दलसिंग, गुलाबबाई, दोधू, धुडकू, सुंदरबाई आणि निम्मी वस्ती. चिंचेवर वांदरांची टोळी असायची. तिचा म्होरक्या एक हुप्प्या, कान तुटका, चेहरा थेट फौजदारासारखा.

"बघा शेठ. तो अजून झोपलाय. पहिलं ऊन शेंड्याला लागलं की उठतो. वांदर घड्याळावर चालत नाही, उन्हावर चालतं. आता मला सांगा, कामाचा भोंगा कधी वाजायला हवा?"

"ऊन निघताना. सात वाजता."

"आणि महिनाभर कधी वाजतोय? नानीबाईला विचारा. बाया चांदण्यात पोरं काखोटीला मारून येतात. वांदराची झोप महिनाभर मोडली, शेठ. तुमच्या-माझ्यासारखं ते मुकाट्याने सोसत नाही. ते गेलं आणि भोंगा काढून घेऊन आलं."

तेवढ्यात सुरतेकडची सातची गाडी शिट्टी देत आली. स्टेशनमास्तरांनी खिशातलं घड्याळ काढलं. "सात. बरोबर."

आम्ही कचेरीत गेलो. भिंतीवर सात चाळीस झाले होते.

"पुढे जात असेल घड्याळ," मुनीम म्हणाला.

"संध्याकाळी मात्र मागे जातं," मी म्हणालो. "सकाळी पुढे, संध्याकाळी मागे. असं घड्याळ नसतं मुनीम, असा माणूस असतो. शेठ, मोठा काटा बघा."

मोठ्या काट्याच्या टोकाला जांभळ्या शाईचा डाग होता. बोटाएवढा. सगळ्यांनी मुनिमाच्या अंगठ्याकडे पाहिलं. रात्रंदिवस बोरू धरून तो अंगठा वांग्यासारखा झाला होता.

"शेठ," हिलाल रडवेला झाला, "आपल्याच भल्यासाठी... थोडं काम जास्त व्हावं म्हणून..."

शेठनी स्टेशनमास्तरांकडे चोरून पाहिलं. महिनाभर ते गाडीला अर्धा तास आधी पोचत होते आणि आपल्या वक्तशीरपणाचं कौतुक सगळ्या फलाटाला ऐकवत होते. आता ते कानापर्यंत लाल झाले.

"आधी भोंगा," ते पुटपुटले.

मी चिंचेवर चढलो. हुप्प्याने दात दाखवले, मीही दाखवले. त्याने वाट दिली. तिसऱ्या फांदीच्या बेचक्यात भोंगा होता, एका चिंधीने फांदीला जखडलेला. हिरव्या लुगड्याचा पदर, लाल काठाचा. वांदरं वाळत घातलेले कपडे नेतातच.

"वांदर गाठ मारतं?" मुनीम खालून ओरडला.

"गाठ नाही, गुंता आहे!" मी वरून ओरडलो. "गुंत्याला दोन फुलं आहेत, एवढंच!"

इथे मला जाणवलं की पथारीवर गजराबाईचे हात थांबले आहेत. मिरचीचा ठसका लागला असेल, म्हणून मी पुढे सांगत गेलो.

६

शेठ मोठ्या मनाचे, म्हणजे स्टेशनमास्तरांसमोर तरी. त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं की भोंगा स्टेशनच्या घड्याळाप्रमाणे वाजेल. दलसिंगची खोली त्याची, नोकरी त्याची. गुलाबबाईने पोराला चिंचेखाली आणून त्या हुप्प्याच्या पाया पडवलं. शेठनी दर शनिवारी वांदरांना फुटाणे सुरू केले, आणि सहा महिन्यांत ती वांदरं इतकी माजली की फुटाणे खारे नसले तर कचेरीत तक्रार घेऊन यायची.

हिलाल मुनिमाला काढायचं चाललं होतं. मीच आडवा आलो. इमानी माणूस वाया घालवू नये, फक्त इमान कुठे लावायचं ते बघावं. त्याला काम दिलं: रोज सकाळी स्टेशनावर जाऊन खरी वेळ आणायची. पळत जायचा, पळत यायचा. एका मिनिटाचा फरक पडला तर त्याला जेवण जायचं नाही. आमच्या टोळीला एक नग कमी होता, तो असा मिळाला.

झाली गोष्ट. म्हटलं होतं ना, पटणार नाही?

जामसिंगने मूठभर देठ बाजूला टाकले. "मिस्तरी बाबा, एक इचारू? त्या वांदरनी नट परत लावात. वायसर बी?"

"हुशार वांदर होतं."

"सफेदा बी लावा?"

"सातपुड्याची वांदरं फार व्यवस्थित, जामसिंग."

"बरं, ते बी ऱ्हाऊ दे. पन दोधू आळशी, धुडकू संशयी, सुंदरबाई भांडखोर, हाई त्याले कसं समजनं? कोनले कोनता कामले लावानं, हाई तर..."

"हे बघ," मी घाईघाईने म्हणालो, "स्वभाव ओळखायला वांदर असो की माणूस, एक नजर लागते, आणि ती नजर..."

गजराबाई सोळा वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे तोंड करून बसली. तिच्या हातात एक लांबलचक लाल मिरची होती.

"म्हंजे तांबूनी मन्हं लुगडं खादंच नही!" ती साऱ्या पथारीला ऐकू जाईल अशी ओरडली. "लाल काठनं हिरवं लुगडं, मन्हा मायनी देयेल! सोळा वरीस मी त्या मुकी गायले शिव्या दी ऱ्हायनू, आनि तुम्ही तिले खापरना बजारम्हा इकी उनात! उठा! भोंगा तुम्हीच काढा व्हता!"